घड्याळ कुणाचं लावलंय?

सोमवार, ४ मार्च

केंद्रातल्या दोष-नोंदवहीत दोनच रकाने आहेत. काय बिघडलं, आणि काय केलं. काय वाटलं, असा रकाना नाही. म्हणून ही वही. लेकीची मागच्या वर्षीची, निम्मी कोरी राहिलेली. सुरुवातीला भूगोल आहे, तो तसाच ठेवलाय.

आज नवी डिजिटल ट्रंक लाईन सुरू झाली, आमचं लहान गावाचं टेलिफोन केंद्र आणि शहरातलं मोठं केंद्र यांच्यामध्ये. दोन जोडतारांवर आता एकाच वेळी तीस संभाषणं जाणार. पाहुण्यांनी फीत कापली, शहरात कुणाला तरी फोन लावला आणि "अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखं ऐकू येतंय" म्हणाले. आमचे साहेब असे फुलले, जणू आवाज त्यांनीच डोक्यावरून वाहून नेला होता.

चोवीस तासांची चाचणी पाच तासच झाली. पाहुण्यांची तारीख अलीकडे आली, त्याला मी काय करणार? साहेब म्हणाले, "पाच तासांत एक चूक नाही, मग उरलेल्या एकोणीस तासांत कुठून उगवणार? करा सही." केली. चुकांचा आकडा शून्य होता, हे तर खरंच आहे. पेढे वाटावेत असा दिवस, पण घास उतरेना. दगदग झाली असेल.

बुधवार, ६ मार्च

लेकीने विचारलं, "एका तारेवर तीस माणसं बोलतात, मग त्यांची खिचडी कशी होत नाही?"

ओट्यावर अंड्यांचा रिकामा ट्रे होता, तोच पुढे ओढला. म्हटलं, याला बत्तीस खळगे आहेत असं समज. तीस खळग्यांत तीस जणांच्या आवाजाचा एकेक कण. पहिल्या खळग्यात आवाज नसतो, फक्त एक ठरलेली खूण असते. ती दिसली की समोरच्याला कळतं, नवा ट्रे इथून मोजायचा. मधला एक खळगा निरोपांचा, म्हणजे कुणी फोन उचलला, कुणी ठेवला. असे आठ हजार ट्रे दर सेकंदाला. पाचव्या खळग्यातलं पाचव्या माणसाच्या कानात, सहाव्यातलं सहाव्याच्या.

"आणि खूणच सापडली नाही तर?"

"तर तुझी गुपितं शेजारच्या काकूंच्या कानात."

"ती आत्ताही तिथेच जातात, बिनतारी," ती म्हणाली. नवरा प्रूफं वाचत बसला होता, तो कागदाआडून खुदखुदला. त्याचा धंदाच दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा. छापखान्यातून घरी येतानाही गठ्ठा घेऊन येतो.

सोमवार, ११ मार्च

तक्रारी येताहेत. मोठ्या नाहीत. "बोलताना मध्येच टक् होतं." आमच्याकडे मोजणारं यंत्र आहे, त्यावर 'स्लिप'चा आकडा चढतोय. दर दोन मिनिटांनी साधारण एक.

स्लिप म्हणजे असं. शहरातलं केंद्र त्याच्या घड्याळाच्या तालावर ट्रे देतं, आम्ही आमच्या तालावर घेतो. ताल जुळले नाहीत तर ट्रे साचतात, मग एक अख्खा ट्रे फेकून द्यावा लागतो. किंवा उलटं, पुढचा आलेलाच नसतो, मग जुनाच परत द्यायचा. साडेअकरा दिवसांत एका सेकंदाचा फरक पडला तरी एवढं होतं.

शहरातल्या केंद्रातला तंत्रज्ञ आमच्या कामाच्या लाईनवर रोज बोलतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी "पैलतीरावरून बोलतोय" म्हणाला, तेव्हापासून पैलतीरच. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, आवाज तुपात घोळल्यासारखा.

आज म्हणाला, "बाई, माझ्याकडेही स्लिप मोजल्या जाताहेत. तुमच्याकडे घड्याळ कुणाचं लावलंय?"

"जे लावायचं तेच," मी म्हटलं.

"बरं, बरं. आमचं थेट मुख्य घड्याळाला बांधलेलं आहे, म्हणून विचारलं."

विचारायची पद्धत बघा. माझं यंत्र कोरं करकरीत, त्याचं सात वर्षांचं. घड्याळ पळतंय कुणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

बुधवार, १३ मार्च

आज इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर स्वतः केंद्रात आल्या. उभ्याच राहिल्या. आमच्या गावात हृदयाचे डॉक्टर नाहीत. इथे कार्डिओग्राम काढतात, कागदाची लांब पट्टी फॅक्सने शहरातल्या डॉक्टरांना जाते, आणि ते बघून फोनवर सांगतात.

"गोदीतला क्रेन चालवणारा एक माणूस आहे," सिस्टर म्हणाल्या. "सात तारखेला छातीत दुखतं म्हणून आला. बहुतेक पित्तच. पण शहरातले डॉक्टर म्हणाले, ठोका मध्येच लवकर पडतोय, गोळी सुरू करा. मी त्याची नाडी धरून पाच मिनिटं बसले. लवकर पडला नाही की उशिरा नाही."

मी म्हटलं, कधी पडतो, कधी पडत नाही.

"म्हणून तीच पट्टी मी दुसऱ्यांदा पाठवली. तीच! यावेळी ते म्हणाले, चौथ्या ठोक्याला नाही, नवव्याला. आता तुम्हीच सांगा. हृदय बदललं, कागद बदलला, की तुमची लाईन?"

माणसाच्या कानाला टक् एवढंच कळतं, पण फॅक्स एक पान पाठवायला मिनिटभर घेतो. त्यात एखादा ट्रे गळला तर चार-दोन बारीक ओळी उमटतच नाहीत. पट्टी तेवढी आखूड होते. दोन ठोके जवळ येतात.

मी सिस्टरना सांगितलं, दोष शहराच्या बाजूचा आहे, मी आजच कळवते. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. थकलेल्या दिसत होत्या.

गुरुवार, १४ मार्च

केबल तपासली. जोड तपासले. बॅटरी, पंखे, अर्थिंग, सगळं तपासलं. सगळं चोख. एकच घड्याळाचं कार्ड उघडलं नाही. ते नवीन आहे, उगाच हात कशाला लावा.

सोमवार, १८ मार्च

साहेबांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिला, "स्थानिक बाजू निर्दोष. दोष दूरच्या टोकाचा असावा." 'असावा' लिहिलंय, 'आहे' नाही. साहेबांनी तो वर पाठवला. दुपारपर्यंत पैलतीराच्या हातात मेमो पडला.

संध्याकाळी त्याचा फोन. मला वाटलं, आता हा झाडणार. पण आवाज तोच.

"बाई, तेहतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात शेरा नव्हता. आता एक येईल. असो. एक विचारू? चाचणीच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे लूप टाकायला सांगितलं होतं. म्हणजे तुमचाच सिग्नल तुमच्याकडे परत. त्यात माझं घड्याळ आलंच नाही, हो ना?"

"मग?"

"काही नाही. कार्ड एकदा बघा सवडीने."

फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते. वयाने मोठा आहे म्हणून किती ऐकून घ्यायचं?

घरी लेकीवर विनाकारण ओरडले. तिने दार आपटलं. नवऱ्याने पान उलटलं.

गुरुवार, २१ मार्च

कार्ड उघडलं.

काल दिवसभर पायाला भिंगरी. जिने चढले, उतरले, डबा न खाता परत आणला. आज सकाळी ड्यूटीवर कुणी यायच्या आत चावी लावली आणि कार्ड बाहेर ओढलं.

त्यावर एक एवढासा खटका असतो. एका बाजूला 'लाईन', म्हणजे समोरून येणाऱ्या सिग्नलवरून ताल घ्यायचा. दुसऱ्या बाजूला 'आतलं', म्हणजे स्वतःचं घड्याळ. लहान केंद्राने मोठ्याचा ताल घ्यायचा असतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. खटका 'आतलं'वर होता.

मीच ठेवला होता. चाचणीपुरता, कारण लूपवर दुसरं काही लावताच येत नाही. चाचणी संपली की फिरवायचा होता. चाचणी संपलीच नाही, पाहुणे आले. उरलेल्या एकोणीस तासांतल्या दोन मिनिटांचं काम. आणि मला ते आठवत नव्हतं असं म्हणू? आठवत नव्हतं. पण आठवू नये म्हणून मी केवढी धडपडले, ते १४ तारखेचं पान वाचून आत्ता कळतंय.

खटका फिरवला. आकडा थांबला. पंधरा मिनिटं यंत्रासमोर बसून राहिले. एकही स्लिप नाही.

शुक्रवार, २२ मार्च

नोंदवहीत लिहिलं, "तपासणीत दोष आढळला नाही. लाईन सुरळीत." आमच्या खात्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. सिस्टरच्या तक्रारीलाही तेच उत्तर छापील कागदावर गेलं.

पैलतीराला कळलं असणारच, त्याच्याकडचा आकडाही थांबला. तो फक्त म्हणाला, "थांबलं म्हणायचं." मी म्हटलं, "हो, आपोआप." तो म्हणाला, "आपोआप बरं झालेलं दुखणं चांगलं, बाई."

बुधवार, २७ मार्च

चार दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं खूप होतं, म्हणूनच.

आज बाजारात सिस्टर भेटल्या. मीच विचारलं, क्रेनवाल्यांचं कसं आहे?

"आता कार्डिओग्राम एकदम साफ येतो," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढे म्हणाल्या, "डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, गोळी लागू पडली. आता ती जन्मभर घ्यायची."

"पण त्याला दुखणंच नव्हतं ना?"

"हेच मी म्हणत होते. पण तुमच्याच केंद्राने लेखी दिलं, लाईनमध्ये दोष आढळला नाही. डॉक्टर म्हणाले, लाईन चांगली म्हणजे कागद खरा. त्या कागदावर गोदीने त्याला क्रेनवरून उतरवलं. पन्नास फुटांवर हृदयरोगी कसा बसवणार? शेडमध्ये झाडू मारतो. गोळीने चक्कर येते, नाडी पंचेचाळीसवर आलीये. परवा जिन्यात बसला होता, उठवेना."

हातातली पिशवी सुटली. टोमॅटो रस्त्यावर गेले. सिस्टरनी वाकून दोन उचलून दिले.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेन्सिल कानावर ठेवून ऐकत होता. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, होतं असं. किंवा म्हणेल, अगं काय हे! दोन्हींसाठी माझी उत्तरं तयार होती.

तो म्हणाला, "छापून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर आम्ही शुद्धिपत्र चिकटवतो. फार लाजिरवाणं असतं. पानाचा रंगच वेगळा दिसतो."

"आणि नाही चिकटवलं तर?"

"तर वाचणारा चुकीचं खरं धरून चालतो. त्याचा काय दोष?"

"नोकरी गेली तर?"

"तर आपण तिघं मिळून विचार करू," तो म्हणाला. "पण तू मला हे विचारायला आली नाहीस. तू ठरवूनच बसलीयेस. चहा प्यायलीच नाहीस बघ."

खरंच साय धरली होती. मी ठरवलं होतं का? मला तरी माहीत नव्हतं.

शुक्रवार, २९ मार्च

साहेबांना सांगितलं. उभं राहून, एका दमात.

ते आधी दार लावून आले. "लाईन चालू आहे ना आता?"

"आहे."

"मग मढं उकरायचं कारण काय? तो शहरातला वर्षभरात निवृत्त होतोय. एक शेरा आला काय नि गेला काय."

"साहेब, इथे एक माणूस नसलेल्या दुखण्याची गोळी खातोय."

"ते डॉक्टरांचं काम. आपण तारेचे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चोवीस तासांच्या कागदावर तुमच्या सहीखाली माझी पण आहे, बाई. तुम्ही बुडाल त्या मला घेऊन."

इतका वेळ मला वाटत होतं, ते माझी काळजी करताहेत.

मी माझं पत्र टेबलावर ठेवलं. एक प्रत त्यांना, एक वरच्या कार्यालयाला, एक शहरातल्या केंद्राला. "४ मार्चला चाचणी अपुरी असताना मी पूर्ण म्हणून सही केली. घड्याळाचा खटका चुकीच्या बाजूला माझ्याकडून राहिला. १८ मार्चचा माझा अहवाल आणि २२ मार्चची माझी नोंद, दोन्ही खोटी आहेत." खोटी हा शब्द लिहिताना पेन थांबलं होतं. 'अनवधानाने' हा शब्द सारखा मध्ये येत होता. अहवालापुरता कदाचित खराही असेल. नोंदीपुरता नाही. खोडून टाकला.

सोमवार, १ एप्रिल

इस्पितळात गेले. सिस्टरनी फाईल काढली. मूळ पट्टी तिथेच होती, फॅक्सच्या प्रती शहरातून मागवल्या होत्या. आमच्या इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मूळ पट्टीत ठोके मोजून-मापून, कुंपणाच्या खांबांसारखे. पहिल्या प्रतीत चौथा खांब सरकलेला, दुसरीत नववा. डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टीने फरक मोजला. तीन मिलिमीटर.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं पुरतं," त्या म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत. सात तारखेची मूळ पट्टी आपण स्वतः नीट का वाचली नाही, हे त्या स्वतःलाच विचारत होत्या बहुतेक, कारण मूळ पट्टी त्यांनी परत सुरुवातीपासून मोजली. मग शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्याच लाईनवरून. आवाज स्वच्छ गेला.

ठरलं ते असं. गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायची, आठ दिवसांनी पुन्हा कार्डिओग्राम. चार तारखेपासून एकवीसपर्यंत शहरात गेलेल्या सगळ्या पट्ट्या परत वाचायच्या. एकोणीस आहेत. ही संख्या मला कुणी आधी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती.

मंगळवार, २ एप्रिल

वरून आदेश आला. चौकशी होईपर्यंत मला ट्रान्समिशनच्या खोलीतून काढून तक्रार टेबलावर बसवलंय. साहेब दोन दिवसांपासून रजेवर.

दुपारी पैलतीराचा फोन, तक्रारीच्या नंबरवर, सामान्य ग्राहकासारखा.

"मेमो मागे घेतला," तो म्हणाला.

"तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं ना?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग लिहून का नाही दिलंत? बोट दाखवायचं सरळ!"

"दाखवायला हवं होतं," तो म्हणाला. "आमच्याही पोरांनी असे खटके विसरलेत, मी हळूच सांगून फिरवून घेतलेत. वाटलं, तुम्हीही फिरवाल, कुणाला कळायचं नाही. क्रेनवाल्याचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर..." मग म्हणाला, "चांगुलपणा पण वेळेवर पोचवावा लागतो, बाई. मी उशीर केला."

मी इतके दिवस त्याच्यावर चिडत होते, ते त्याने मला वाचवू नये म्हणून की काय, कळत नाही. फोन ठेवताना मी त्याला पहिल्यांदा दादा म्हटलं. त्याने ऐकलं असेल.

मंगळवार, ९ एप्रिल

एकोणीसपैकी सतरा पट्ट्यांत निदान बदलण्यासारखा फरक नाही. एका बाईंची गोळी बदलली, त्या बऱ्या आहेत. आणि क्रेनवाले.

त्यांचा कार्डिओग्राम काल झाला. गोळीशिवाय साफ. सिस्टर मला म्हणाल्या, "निरोप मी देऊ शकते." मी म्हटलं, नको.

घर चौथ्या मजल्यावर, गोदीमागच्या चाळवजा इमारतीत. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. तिने आत या म्हटलं नाही, पण दारातून बाजूला झाली. क्रेनवाले खुर्चीत होते, पन्नाशीचा दणकट माणूस, मांडीवर शाल. एवढ्या उकाड्यात शाल.

मी सांगितलं. खटका, सही, नोंद, सगळं. काहीच गाळलं नाही. शेवटी म्हटलं, "तुमचं हृदय पहिल्यापासून ठणठणीत होतं. डॉक्टर म्हणालेत, आजपासून सगळं नेहमीसारखं करा."

बायको म्हणाली, "महिनाभर मी यांना उशाशी पाणी ठेवून बसले. रोज दोनदा उठून श्वास चालू आहे का बघायचे. नातीला यांच्या अंगावर चढू दिलं नाही. ती आता आजोबांजवळ जायला घाबरते. हे कोणत्या कार्डावर दुरुस्त होतं, बाई?"

मी "नाही होत" म्हटलं.

तेवढ्यात क्रेनवाले उठले. शाल खुर्चीवर टाकली, चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"खाली."

"अहो, सावकाश..."

ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज चार मजले उतरत गेला, मग बंद झाला. आम्ही दोघी दारातच उभ्या, कठड्याला धरून. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तिची बोटं कठड्यावर माझ्या बोटांना लागून होती आणि तिने ती हलवली नाहीत.

मग पावलं वर यायला लागली. भराभर. पहिला मजला, दुसरा. तिसऱ्यावर जरा थांबली. बायको पुढे झाली. पावलं पुन्हा सुरू झाली. क्रेनवाले वर आले तेव्हा धापा टाकत होते, कपाळावर घाम, तोंड लालबुंद. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "दमलो. बसून बसून पाय गेलेत. बाकी काही नाही."

तिने त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. तसाच ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

मग मागे वळून न बघता मला म्हणाली, "तुम्ही जा आता."

मी निघाले.